मदत हवी आहे: केनेडी फाइल्सचा व्ह्यूअर, जुनं-नवं पान एकमेकांवर कसं बसवू?

नमस्कार मंडळी,

आमच्या मामांनी सोलापुरात चाळीस वर्षं टायपिंग इन्स्टिट्यूट चालवली. आता रिकामे आहेत आणि केनेडी हत्येच्या फाइलींच्या नादी लागलेत. १८ मार्च २०२५ ला अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जने एका संध्याकाळी २,१८२ पीडीएफ टाकल्या, सुमारे ६३,४०० पानं. मामा त्या मोबाइलवर उघडतात. दीडशे पानांची फाइल उतरेपर्यंत चहा पिऊन होतो, आणि परत उघडली की पुन्हा पान एकपासून. "तू वेबसाइटी करतेस ना, मग मला वाचता येईल असं काहीतरी कर," असा हुकूम झालाय.

आतापर्यंत केलेलं: पानांची चित्रं काढली, बहुतेक स्कॅनमध्ये मजकूर निवडताच येत नसल्याने टेसरॅक्टने ओसीआर केला (म्हणजे चित्रातली अक्षरं मजकुरात उतरवली), तो एसक्यूलाइट डेटाबेसच्या एफटीएस५ या शब्दशोधाच्या सोयीत भरला, झूमसाठी ओपनसीड्रॅगन हा चित्र दाखवणारा प्रोग्राम लावला. इथवर ठीक.

खरी अडचण आवृत्त्यांची आहे. यातले बरेच कागद पहिल्यांदा आलेले नाहीत. तोच कागद २०१७-१८ ला काळ्या पट्ट्यांसकट आला, पुढे २०२२ ला काही पट्ट्या गेल्या, २०२५ ला उरलेल्या. केनेडींचे सल्लागार श्लेसिंजर यांनी ३० जून १९६१ ला केनेडींना दिलेलं सीआयएच्या फेररचनेवरचं टिपणच घ्या. त्यातलं पान-दीड पान इतकी वर्षं झाकलेलं होतं. आता कळतं की तिथे आकडा होता: अमेरिकी वकिलातींमधल्या राजकीय अधिकाऱ्यांपैकी ४७ टक्के सीआयएचे! मामांना सगळा रस यात, की नेमकं काय झाकलं होतं. म्हणून पानावर एक सरकपट्टी हवी आहे. बोटाने ओढली की खालून नवं पान उघडं व्हावं.

फाइलीला फाइल जुळते, कारण प्रत्येक नोंदीला ३-५-५ आकड्यांचा क्रमांक आहे (१०४ ने सुरू होणारा सीआयएचा, १२४ चा एफबीआयचा). पानाला पान मात्र जुळत नाही. एका आवृत्तीत वर नोंदपत्रक आहे, दुसरीत नाही, कुठे कोरी पाठही स्कॅन केलेली. चित्रांचे हॅश (चित्रावरून काढलेली छोटी ओळखखूण) काढून बघितले तर काळ्या पट्टीने हॅशच बदलतो, म्हणजे हवी तीच पानं हुकतात. आणि जुळलेल्या पानातही स्कॅन तिरका असला की सरकपट्टी ओढताना ओळी उड्या मारतात.

शिवाय झूमसाठी ५१२ पिक्सेलच्या टाइल्स (चित्राचे चौकोनी तुकडे) पाडल्या तर पानामागे पन्नासेक फाइली होतात. सगळ्या मिळून तीस लाखांच्या वर! माझ्या होस्टिंगवाल्याने दहा हजार पानांतच हात जोडले.

जाणकारांनी वाट दाखवावी.

रात्रपाळी:
टाइल्स पाडूच नका. हे काही नकाशे नाहीत, टंकलेखित कागद आहेत. प्रत्येक पानाची तीन मापं काढा: अगदी छोटं (थंबनेल), मोबाइलच्या रुंदीचं आणि पूर्ण. वेबपी या हलक्या चित्रप्रकारात. ओपनसीड्रॅगनला 'लेगसी इमेज पिरॅमिड' म्हणून तिन्हींचे पत्ते द्या, झूमप्रमाणे तो स्वतः माप बदलतो. तीस लाखांच्या जागी दोन लाखांच्या आत याल. आणि प्रत्येक पानाला स्वतःचा पत्ता द्या, म्हणजे मामा थेट पान ८७ वर परततील.

शेंगाचटणी:
पानं चित्रावरून जुळवू नका, शब्दांवरून जुळवा. प्रत्येक पानातल्या लागोपाठच्या तीन-तीन शब्दांचा संच करा आणि दोन आवृत्त्यांतले सामाईक त्रिकुटं मोजा. निम्मं पान काळं असलं तरी उरलेल्यावर पटतं. पानांचा क्रम सहसा उलटत नाही, त्यामुळे डिफ (दोन मजकुरांतला फरक शोधणारा प्रोग्राम) ओळींवर चालतो तसा पानांवर चालवा, नोंदपत्रक आणि कोऱ्या पाठी आपोआप गळतील. तिरकेपणासाठी ओपनसीव्ही या चित्रं हाताळणाऱ्या लायब्ररीत खुणेचे बिंदू शोधून एक पान दुसऱ्यावर बसवता येतं.

शोधात एक गोम आहे. सीआयए तेव्हाच्या केबलमध्ये (तारसंदेशात) स्वतःला 'कुबार्क' म्हणायची आणि एफबीआयला 'ओडेन्व्ही'. नुसतं 'सीआयए' शोधणाऱ्याला अर्ध्या केबल दिसणारच नाहीत. सांकेतिक नावांचा कोश आधी जोडा. ओसीआरमध्ये ऑस्वाल्डचा (केनेडी हत्येतला आरोपी) 'ओ' हमखास शून्य होतो, त्यासाठी एफटीएस५ चा ट्रायग्राम टोकनायझर लावून पहिलं अक्षर सोडून उरलेला तुकडा शोधा.

रात्रपाळी:
आणखी एक. २०२५ च्या संचात हयात माणसांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकेतले खासगी ओळख क्रमांक) उघडे राहून गेले होते. सर्च इंडेक्समध्ये भरण्याआधी ३-२-४ आकड्यांचा साचा गाळा. नोंदक्रमांक ३-५-५ असल्याने त्याला धक्का लागणार नाही. चित्रातही ती जागा झाका.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. क्रमांकांचं तर डोक्यातच नव्हतं. आधी ते करते, मगच लिंक कोणाला देईन.

शब्दांच्या त्रिकुटांची युक्ती चालली, पण चाचणीच्या २१२ जोड्यांपैकी १९ पानं ओपनसीव्हीला वेडीवाकडीच बसत होती. दोन दिवस आकडे बदलत बसले. शेवटी मामांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "शिक्क्यावर आणि पेनच्या रेघांवर कशाला जुळवतेस? शिक्का प्रत्येक प्रतीवर वेगळीकडे बसतो. अक्षरं बघ. कार्बन कॉपी असेल तर ओळीला ओळ बसलीच पाहिजे, सगळे कागद एकाच रोलरवर होते. बसत नसेल तर तो कागद कुणीतरी परत टाइप केलाय."

आता फक्त ओसीआरला सापडलेल्या शब्दांच्या चौकटींवरूनच जुळवते. १९ पैकी १३ बसली. उरलेल्या सहा जोड्यांत खरंच ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात, तिथे सरकपट्टी काढून दोन पानं शेजारीशेजारी ठेवली आणि वर 'पुन्हा टंकलेखित' असा शेरा टाकला. मामांचं म्हणणं, शेऱ्यापुढे प्रश्नचिन्ह ठेव, मी एकेक तपासून काढतो.