दहा मिनिटांत वर पोचले, मग जोडायला अठ्ठावीस तास का?

वाईच्या_बाई:
25 जून 2025 ला शुभांशू शुक्लांचं उड्डाण मी वर्गात दाखवलं होतं. दुपारी 12 ला त्यांचं ड्रॅगन यान सुटलं, दहाएक मिनिटांत कक्षेत. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्टेशनला जोडलं गेलं मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी चारला. सातवीतला एक जण म्हणाला, "बाई, स्टेशन चारशे किलोमीटरवर आहे ना? मग हे रात्रभर होते कुठे?" मी "उद्या सांगते" म्हणून वेळ मारून नेली. तो उद्या अजून उजाडलेला नाही. कुणी सोपं करून सांगेल का? सूत्रं नकोत.

भुसावळचा_शंटर:
बाई, आमची हयात रेल्वे यार्डात डबे जोडण्यात गेली, रॉकेटातलं शिक्षण नाही. पण जोडकाम म्हटलं की मी टीव्हीसमोरून हलत नाही.

पहिली गोष्ट, स्टेशन उभं नसतं. तासाला 27,600 किलोमीटरच्या आसपास पळतं, दीड तासात पृथ्वीला एक फेरी. पृथ्वी फिरता फिरता अमेरिकेतला केनेडीचा उड्डाणतळ स्टेशनच्या वाटेखाली आला की यान सोडतात. म्हणजे रूळ मिळाला. गाडी, म्हणजे स्टेशन, त्याच रुळावर कुठेतरी लांब असते.

आता तिला गाठायचं कसं? आम्ही नॉच, म्हणजे इंजिनाचा जोर, वाढवला असता. वर तसं केलं तर उलट मागे पडता! पुढे जोर दिला की कक्षा उंचावते, फेरी लांबते, वेळ जास्त लागतो. 1965 मध्ये अमेरिकेच्या जेमिनी 4 यानातल्या मॅकडिव्हिट या अंतराळवीराने हेच केलं. आपल्याच रॉकेटचा सुटलेला टप्पा समोर दिसत होता, त्याच्याकडे तोंड करून जोर लावला, तर तो लांबच जायला लागला. इंधन उडालं आणि नाद सोडावा लागला. म्हणून यान मुद्दाम खालच्या कक्षेत ठेवतात. तिथे फेरीही छोटी, वेगही जास्त. दर फेरीला थोडं थोडं अंतर तुटतं, मग इंजिन जरा जरा पेटवत वर चढायचं. तुमच्या पोराची रात्र यात गेली.

शेवटचा भाग माझ्या आवडीचा. 400 मीटरवर थांबा, 20 मीटरवर थांबा, परवानगी घ्या, मग सेकंदाला काही सेंटिमीटर या चालीने पुढे. आम्हीही डब्याच्या अलीकडे इंजिन उभं करायचो आणि पॉइंट्समनचा हात हलला की सरकायचो. टेकताना डब्यातल्या माणसाचा चहा सांडला की बोलणी ठरलेली. तिथे आधी यानाचं कडं नुसतं टेकून धरतं, हेलकावे शांत होऊ देतात, मग कडं आत ओढून 12 हुक अडकवतात. हवा गळत नाही ना ते तपासूनच दार उघडतात, त्यात आणखी दोनेक तास.

कक्षा_५१:
रशियाचं सोयूझ यान तर तीन तासांत जोडलं गेलंय, ऑक्टोबर 2020 मध्ये. मग ड्रॅगनला एवढा वेळ का?

भुसावळचा_शंटर:
तेव्हा स्टेशनची कक्षा आधीपासून जुळवून ठेवली होती. यान वर आलं तेव्हा स्टेशन फार पुढे नव्हतंच. गाडी वेळेवर फलाटाला लागलेली असली की धावपळ कशाला?

आपल्या इस्रोचं स्पेडेक्स आठवतं का? यानात माणसं नव्हती, पण जोडकाम तेच. 30 डिसेंबर 2024 ला दोन छोटे उपग्रह सोडले. मध्ये एकदा तीन मीटरपर्यंत आणले आणि परत मागे नेले. लोक हसले, मला बरं वाटलं. मनासारखं नसेल तर मागे घ्यावं. 16 जानेवारीला जोडलेच.

वाईच्या_बाई:
आभारी आहे, काका. उद्या मैदानावर फक्कीने दोन वर्तुळं आखते, एक आत, एक बाहेर, आणि दोघांना पळवते.

भुसावळचा_शंटर:
आतल्या वर्तुळात जरा चपळ पोरगं घ्या. आणि प्रश्न विचारणाऱ्याला बाहेरच्या.