बाबांचं डीबीएस : साधी बॅटरी की रिचार्जेबल?

बाबा ६३ वर्षांचे, पार्किन्सन्स होऊन ९ वर्षं झाली. आता डीबीएस करायचंय, म्हणजे मेंदूत बारीक तारा घालून त्या छातीत बसवलेल्या बॅटरीला जोडायची सर्जरी. सिंडोपा (लेव्होडोपाची गोळी) दर तीन तासांनी चालू आहे पण डोसचा असर उतरला की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात आणि गोळी चढली की मान, हात आपोआप हलत राहतात, चहाचा कप धरवत नाही. अमँटाडिन, प्रामिपेक्सोल सगळं देऊन झालंय. लेव्होडोपा चॅलेंज टेस्ट (गोळी दिल्यावर लक्षणं किती सुधारतात ते बघतात ती) चांगली आली, मेमरी टेस्टही ठीक, म्हणजे सर्जरी करायची की नाही हा प्रश्न नाहीये.

अडलंय पैशांवर. साधी बॅटरी ३ ते ५ वर्षांत संपते, मग परत छोटं ऑपरेशन आणि परत लाखांचा खर्च, रिचार्जेबल १५ वर्षं चालते पण तिचे पैसे आत्ताच खूप जास्त द्यायला लागतात. मेडिक्लेम ५ लाखांचाच, बाकी एफडी मोडणार. शिवाय चार्जिंग आईवर येणार, तिला मोबाईलच जेमतेम जमतो, याचं मला जास्त टेन्शन आहे.

ज्यांच्या घरी डीबीएसला चार-पाच वर्षं झालीत त्यांनी प्लीज सांगा, गोळ्यांचा खर्च खरंच किती कमी झाला, आणि बॅटरी बदलताना मेडिक्लेमवाल्यांनी पैसे दिले का?