प्रा. देवेंद्र वर्मा
इंग्रजीच्या प्राध्यापकांनी भयकथेकडे पाहून कायम नाक मुरडलं, असं एक मत ऐकायला मिळतं; मला ते अर्धंच पटतं. देवेंद्र वर्मांचं नाव अशा वेळी घ्यायलाच हवं. मूळचे बिहारचे, पुढे कॅनडात हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक. गॉथिक कादंबरीवरचा (म्हणजे जुने किल्ले-वाडे, गूढ आणि भीती यांवर रचलेल्या जुन्या इंग्रजी भयकादंबरीवरचा) त्यांचा 'द गॉथिक फ्लेम' हा ग्रंथ १९५७ सालचा.

पण त्याहून मोलाचं वाटतं ते त्यांचं संपादन. इंग्रजी लेखिका जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर ॲबी' या कादंबरीत एक मैत्रीण दुसरीला सात भयकादंबऱ्यांची यादी वाचून दाखवते. ही नावं ऑस्टिननेच रचली असावीत, असा बराच काळ समज होता. कादंबऱ्या खऱ्या निघाल्या, पण वाचायला मिळणार कुठे? वर्मांनी १९६८ मध्ये त्या सातही पुन्हा छापून आणल्या. केवढं चिकाटीचं काम आहे हे!