जोड-पल्सारमधल्या दोन्ही ताऱ्यांचं वस्तुमान वेगवेगळं कसं काढतात?

निहारिका_सातारा
एमएस्सीला आहे. पल्सारचे, म्हणजे वेगानं गिरक्या घेणाऱ्या अतिघन न्यूट्रॉन ताऱ्याचे, रेडिओ-ठोके कधी लवकर, कधी उशिरा येतात आणि त्यावरून कक्षा मिळते, इथवर कळलं. पण हल्स-टेलर पल्सार 1.44 सूर्यांएवढा आणि जोडीदार 1.39, हे कसं सांगतात? जोडीदार तर दिसतही नाही, कक्षा किती कललीय तेही ठाऊक नाही.

आकाशवेडा
केप्लरचा नियम लावायचा, झालं.

टायमिंगवाला_काका
झालं कसं? केप्लर एकच समीकरण देतो आणि अज्ञात तीन: दोन वस्तुमानं नि कल. पुढचं काम आइनस्टाइनचं.

हा पल्सार 59 मिलिसेकंदांत स्वतःभोवती एक गिरकी घेतो, 7 तास 45 मिनिटांत कक्षा पुरी करतो. कक्षा चांगलीच लांबट, विकेंद्रता 0.617. दोघं सर्वांत जवळ येतात ती जागा वर्षाला 4.2 अंश सरकते. सापेक्षतेमुळे बुधाची कक्षा शंभर वर्षांत जेवढी वळते, जवळपास तेवढं हे महाशय एका दिवसात उरकतात! या सरकण्यातून वस्तुमानांची बेरीज मिळते, 2.83 सूर्य.

शिवाय जोडीदाराजवळ आला की वेगामुळे आणि गुरुत्वामुळे पल्सारचं घड्याळ मंदावतं. हा परिणाम जेमतेम 4 मिलिसेकंदांचा, पण त्यातून वस्तुमानांचं दुसरं नातं हाती येतं. दोन अज्ञात, दोन समीकरणं. कल लागतच नाही, उलट तो केप्लरच्या समीकरणातून आपोआप निघतो. मेख एवढीच की कक्षा थोडी वळल्याशिवाय हे 4 मिलिसेकंद सुटे ओळखू येत नाहीत. म्हणून 1974 मध्ये अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीवर सापडलेल्या या जोडीची वस्तुमानं मिळायला काही वर्षं जावी लागली.

आणि दोन निरीक्षणांमधल्या गिरक्या मोजताना एकही चुकून चालत नाही. पीएचडीला असताना आमच्या निरीक्षणांत मोठा खंड पडला होता. मधल्या गिरक्यांचा आकडा दोन तऱ्हांनी बसत होता. चुकीचा धरला की रेसिड्युअलच्या (ठोका अपेक्षेपेक्षा किती पुढेमागे आला याच्या) आलेखाला करवतीसारखे दाते फुटायचे.

निहारिका_सातारा
काका, कक्षा अगदी गोल असेल तर? मग सरकायला ‘जवळची जागा’च नाही.

टायमिंगवाला_काका
बरोबर पकडलंस. तिथे शापिरो विलंब कामाला येतो, म्हणजे जड ताऱ्याजवळून येताना त्याच्या गुरुत्वामुळे ठोक्यांना होणारा उशीर. जे1614-2230 या पल्सारची कक्षा आपल्याला जवळजवळ कडेनं दिसते, कल 89 अंशांच्या वर. पल्सार पलीकडे गेला की त्याचे ठोके जोडीदार श्वेतबटूला (इंधन संपलेल्या छोट्या, घट्ट ताऱ्याला) घासून येतात आणि चाळीस-पन्नास मायक्रोसेकंद उशिरा पोचतात. किती उशीर, यावरून श्वेतबटूचं वस्तुमान. उशीर कसा चढतो-उतरतो, यावरून कल. मग केप्लर पुरतो. 2010 मध्ये हा पल्सार जवळपास दोन सूर्यांचा निघाला आणि न्यूट्रॉन ताऱ्याच्या पोटात काय असावं याची बरीच मॉडेलं बाद झाली.

शिवनेरीकर
आमच्या खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीनं असं काही केलंय का?

टायमिंगवाला_काका
केलंय की. एनजीसी 1851 या तारकागुच्छातला 5 मिलिसेकंदांचा पल्सार तिथलाच शोध, 2004 सालचा. कक्षा 18.8 दिवसांची, विकेंद्रता 0.89. वळण वर्षाला फक्त 0.013 अंश. तरी चिकाटीनं टायमिंग करून बेरीज निघाली, सुमारे 2.47 सूर्य.