मदत हवी आहे : सिगारेट सोडल्यावर फुप्फुसाचा रिपोर्ट आधीपेक्षा खराब कसा?

मागवाला
सिगारेट सोडून वर्ष होत आलं. सोडायच्या आधी ती फुंकायची टेस्ट केली होती, तेव्हा ७६ टक्के आले होते. परवा परत केली तर ७१. म्हणजे ओढत होतो तेव्हा बरा आणि सोडली तर बिघडलो? खाली 'मॉडरेट ऑब्स्ट्रक्शन', म्हणजे मध्यम अडथळा, असं छापलंय. डॉक्टर गावाला गेलेत, सोमवारी येणार. कोणी सांगेल का काय भानगड आहे? आणि 'डॉक्टरांना विचारा' एवढंच लिहू नका, ते मलाही कळतं.

चहाबाज
७१ टक्के कशाचे? एफईव्ही१ चे (पहिल्या सेकंदात बाहेर फुंकलेली हवा) की एफव्हीसीचे (एका फुंकेतली सगळी हवा)? वय, किती वर्षं ओढली, काहीच लिहिलं नाहीत. असा अर्धा रिपोर्ट टाकून काय उत्तर मिळणार?

मागवाला
एफईव्ही१. वय ५२. पंचवीसेक वर्षं, दिवसाला पाकीट.

रामप्रहर
भाऊ, आकड्यांच्या नादी लागू नका. पहाटे अनुलोम-विलोम, भस्त्रिका, वर अडुळशाचा काढा. मेडिकलमधून तीन चेंडूंचं यंत्र आणा. मी रोज तिन्ही चेंडू वर धरून ठेवतो. महिन्याभरात फुप्फुसं कोरी करकरीत.

नळीवाली
मी पीएफटी लॅबमध्ये, म्हणजे फुप्फुसांची तपासणी करतात तिथे आहे. दिवसभर 'फुंका, जोरात, अजून, अजून, सोडू नका' असं ओरडणं हीच माझी नोकरी. रामप्रहरदादा, तुमचं ते यंत्र श्वास आत ओढायचं. ऑपरेशननंतर छाती नीट फुलावी म्हणून देतात. यांचं अडतंय ते हवा बाहेर टाकताना. प्राणायाम जरूर करा, दम लागला की घाबरायला होतं ते कमी होईल, पण अरुंद झालेल्या नळ्या त्याने रुंद होत नाहीत.

मागवालादादा, टक्के ठेवा बाजूला. दोन्ही रिपोर्टांतले लिटर लिहा, नळ्या उघडायच्या औषधाचा पंप द्यायच्या आधीचे आणि नंतरचे वेगवेगळे. आणि दोन्हींच्या वरच्या कोपऱ्यात उंची किती टाकलीय तेही.

रामप्रहर
ताई, तुमच्या मशीनच्या आधीपासून लोक श्वास घेतायत. माझे आजोबा नव्वदीपर्यंत बिडी ओढत होते, त्यांनी कुठे फुंकलं होतं?

चहाबाज
बिडीच फुंकली की.

हिशेबी
सिगारेट सोडली असेल तर टर्म इन्शुरन्सचा हप्ता कमी करून घ्या. लघवीची निकोटिनची तपासणी करतात, ती पास झालात तर कंपनीला विचारून बघा. एजंट हे सांगत नाहीत.

मागवाला
इन्शुरन्सचं कोण विचारतंय इथे!
जुना : एफईव्ही१ २.३१, एफव्हीसी ३.५०, उंची १६८.
नवा : २.३४ आणि ३.६०, उंची १७४. पंपानंतर २.४५ आणि ३.६८.
जुन्यात पंपानंतरचं काही नाही. आणि उंचीचा काय संबंध? मी काय लग्नाला उभा आहे?

नळीवाली
सगळी भानगड त्या उंचीतच आहे. मशीन वय, उंची आणि पुरुष की बाई एवढ्यावरून 'निरोगी माणसाची एवढी हवा हवी' असा आकडा काढतं आणि तुमची हवा त्याच्या किती टक्के ते छापतं. उंची सहा सेंटिमीटर जास्त पडली, अपेक्षित आकडा साधारण ३.०४ वरून ३.३० वर गेला. तुमची हवा तेवढीच, टक्के मात्र घसरले. बावन्नाव्या वर्षी कोणी उंच होत नाही. बुटांसकट मोजली असेल नाहीतर तुम्हालाच विचारून टाकली असेल. चप्पल काढून भिंतीला टेकून मोजा आणि लॅबला रिपोर्ट दुरुस्त करून मागा, परत फुंकायची गरज नाही.

२.३१ चे २.३४ झाले त्यालाही वाढ म्हणू नका. एकाच बैठकीतल्या दोन चांगल्या फुंकांत १५० मिलीपर्यंत फरक आम्ही चालवून घेतो.

आता नावडतं. पंपानंतर २.४५ भागिले ३.६८, म्हणजे ०.६७. हे ०.७० च्या खाली असेल तर नळ्यांत अडथळा आहे असं धरतात, आणि या भागाकाराला उंचीशी घेणं नाही. पंपाने ११० मिलीच वाढले, म्हणजे दम्यासारखं पटकन उघडणारं नाही. सोमवारी 'सीओपीडी (नळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) आहे का' असं सरळ विचारा.

मागवाला
मग सोडून मिळालं काय? उलट सोडल्यावर पहिले दोन-तीन महिने खोकला वाढलाच होता.

नळीवाली
खोकला वाढला कारण धुराने लुळे पडलेले नळ्यांतले केस परत कफ वर ढकलायला लागले. गेलेलं फारसं परत येत नाही, पुढची गळती मात्र कमी होते. अमेरिका-कॅनडात 'लंग हेल्थ स्टडी' झाला, त्यात ११ वर्षं लोकांना फुंकायला लावलं. ओढत राहिलेल्या पुरुषांचा एफईव्ही१ वर्षाला सुमारे ६६ मिलीने उतरला, सोडून परत हात न लावलेल्यांचा ३० ने. वयाने सगळ्यांचाच थोडा उतरतो. दहा वर्षांचा हिशेब तुम्हीच करा.

आणि आयडी 'मागवाला' का?

मागवाला
इचलकरंजीत यंत्रमाग आहेत. वडिलांपासूनचे. त्याचा इथे काय संबंध?

चहाबाज
घ्या! हे आता सांगतायत.

नळीवाली
सुताच्या धुळीनेही नळ्या आवळतात. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कारखान्यात गेलं की छाती जड होते का? होत असेल तर डॉक्टरांना आधी हे सांगा, सिगारेटचं नंतर.

मागवाला
आमच्याकडे सुट्टी शुक्रवारी. शनिवारी होते खरी. मला वाटायचं आदल्या रात्रीच्या मटणाने. कारागीरही म्हणतात.

नळीवाली
मग कारागिरांनाही घेऊन जा फुंकायला.

हिशेबी
कामगार असतील तर ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं बघा, वेगळा धागा काढू का?

कोल्हापुरी_पोर
ते तीन चेंडूंचं यंत्र साधारण कितीला पडतं? आईसाठी हवंय.