इस्त्रीच्या टेबलावरचं अमेरिकन ड्रीम

ओवी_लंडन
2017 च्या मार्च ते जूनमध्ये ब्रिटिश म्युझियमात 'द अमेरिकन ड्रीम: पॉप टू द प्रेझेंट' हे ठसाचित्रांचं प्रदर्शन होतं. ट्रम्प नुकतेच पहिल्यांदा अध्यक्ष झालेले. गर्दी अर्थातच पॉप चित्रकार अँडी वॉरहॉलच्या मर्लिन मन्रोपुढे. मी अडकले विली कोलच्या 'स्टोएज'पाशी (1997). भलाथोरला लाकूडठसा. मधोमध इस्त्रीच्या टेबलाचा ठसा, भोवती इस्त्र्यांचे तळवे. बघता बघता लक्षात येतं, अरे, हा तर गुलाम वाहणाऱ्या ब्रूक्स जहाजाचा 1788 चा नकाशा! गुलाम माणसं दाटीवाटीने रचलेली. कोल हा न्यू जर्सीचा काळा चित्रकार, घरातल्या आजी-पणजी लोकांकडे घरकामाला जायच्या.

माझे दोन मामेभाऊही न्यू जर्सीतच. 'कष्ट करणाऱ्याला अमेरिका सगळं देते' हे त्यांचं आवडतं वाक्य, म्हणजे अमेरिकन ड्रीमच. पण 1946 च्या कायद्याने अमेरिकेत स्थायिक व्हायला भारतीयांना वर्षाला जागा होत्या फक्त 100. दार उघडलं 1965 च्या कायद्याने, आणि तो आला काळ्यांच्या नागरी हक्कांच्या लढ्याच्या लाटेवर. लाठ्या कोणी खाल्ल्या आणि बंगले कोणी बांधले, हे मंडळाच्या गणपतीत कुणी बोलत नाही. मतं सांगा.

आठ_डॉलर
मी 1970 ला अमेरिकेत आलेला. खिशात आठ डॉलर, बाकी शून्य. तुमच्या प्रदर्शनाची प्रायोजक मॉर्गन स्टॅन्ली होती, हे लिहायचं राहिलं वाटतं? बँकेच्या पैशाने स्वप्नाला शिव्या घालायच्या, याला बंड म्हणायचं का? आणि त्याच प्रदर्शनात वॉरहॉलचा 1972 चा हिरव्या तोंडाचा निक्सन होता ना, खाली 'व्होट मॅकगव्हर्न', म्हणजे निक्सनच्या प्रतिस्पर्ध्याला मत द्या, असं लिहिलेला? निक्सन दणदणीत निवडून आले. वॉरहॉल तुरुंगात गेला का? नाही. मी म्हणतो ते स्वप्न हेच.

काथ्याकूट
तुरुंगात नाही गेला, पण त्यानंतर दरवर्षी आयकरवाले हिशेब तपासायला लागले, अशी त्याची तक्रार होती. :)
आणि काका, आठच डॉलर न्यायचे हा तेव्हाचा परकीय चलनाचा नियम होता, दारिद्र्याचा दाखला नव्हे. सोबत पदवी होती ना? तिचा खर्च कोणी केला? इथल्याच करदात्यांनी.

आठ_डॉलर
परीक्षेला करदाते बसले नव्हते.

निवांत_बापू
मला दोन्ही बाजूंपेक्षा चित्राबद्दल शंका आहे. शेजारची पाटी वाचल्याशिवाय जहाज दिसलं असतं का? वाचूनच कळणार असेल तर लेख लिहावा, लाकूड कशाला कोरायचं?

ओवी_लंडन
बापू, पाटी मी नंतर वाचली. पण ब्रूक्सचा नकाशा आधी पाहिलेला होता, हे मान्य. प्रायोजकाचा टोलाही मान्य. त्याने इस्त्री मात्र थंड होत नाही.

रांगेतला
डॅलसहून. तुम्ही सगळे पोचलेल्यांबद्दल भांडताय. एका देशाला वर्षाच्या ग्रीन कार्डांपैकी साधारण 7 टक्केच, म्हणून मी 2013 पासून रांगेत. लेक 21 ची झाली की माझ्या अर्जातून बाहेर पडेल, पुढे तिचं काय, वकीलही नीट सांगत नाही. ताईंचा धागा वाचून चित्रं शोधली. त्याच प्रदर्शनातल्या एड रुशा या चित्रकाराचं 1966 चं पेट्रोल पंपाचं स्क्रीनप्रिंट, झगझगीत. मग 2011 मध्ये त्याने तोच पंप पांढऱ्या कागदावर शाईविना नुसता उठवला. माझा अर्जही तसाच. ठसा उमटलाय, शाई नाही.

आठ_डॉलर
तुमच्याबद्दल वाईट वाटतं. पण रांग कायद्याची चूक आहे, स्वप्नाची नाही.
ओवी, एक सांगतो. तुमचा मुद्दा पटला म्हणून नव्हे. 1970 साली न्यू जर्सीतल्या नेवार्कमध्ये खोली मिळेना. तिथल्या वांशिक दंगलीला तीन वर्षं झालेली, गोऱ्या वस्तीत माझं तोंड बघून 'भाड्याने गेली' म्हणायचे. शेवटी एका काळ्या आजींनी वरची खोली दिली. याचा तुमच्या चित्राशी संबंध नाही.

ओवी_लंडन
नाही कसा, काका? भाडं किती होतं?

आठ_डॉलर
आठवड्याला बारा डॉलर. पहिला आठवडा त्यांनी उधारीवर ठेवला.