मदत हवी आहे : निवडणुकीचा खर्च आणि नेहमीचा खर्च वेगळा कसा धरायचा?

नमस्कार मंडळी. नुकतीच निवडणूक शाखेत बदली झालीय आणि पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाचा तक्ता माझ्या गळ्यात पडलाय. लोकसभेचा खर्च केंद्राचा, विधानसभेचा राज्याचा, दोन्ही एकत्र झाल्या तर निम्मा-निम्मा, इथवर डोक्यात बसलंय. निवडणुकीचं लेखाशीर्ष (म्हणजे खर्च ज्या खात्यावर टाकायचा त्याचा क्रमांक) २०१५, हेही कळलं. गाडी अडते ती पुढे.

मतदार यादीचं काम बारा महिने चालूच. माणूस तोच, जीप तीच, झेरॉक्सचं बिलही तेच; सकाळी यादीची छपाई, दुपारी दाखल्यांची. मग हा खर्च २०१५ वर टाकायचा की जिल्हा प्रशासनाच्या २०५३ वर? जुन्या फायलीत मंडपवाल्याचं बिल एका वर्षी इकडे, दुसऱ्या वर्षी तिकडे, आणि शेरा काय तर ‘मागीलप्रमाणे’!

शिवाय पोटनिवडणूक अचानक लागली तर? तिच्यासाठी आधीच काही तरतूद ठेवता येते, की पुरवणी मागणीचीच (वर्षाच्या मध्येच विधिमंडळाकडून मंजूर होणाऱ्या जादा निधीची) वाट बघायची? तोवर कर्मचाऱ्यांचे भत्ते कशातून भागवता?

कोषागारात किंवा लेखा शाखेत काम केलेलं कुणी असेल तर कृपया सांगा. भरलेला नमुना तक्ता मिळाला तर फारच बरं.